शिल्लक वैद्यकीय साहित्य पॅसिफिकमधील बेटांना कसे द्यावे

रुग्णालयांत चांगले साहित्य पडून राहण्याची कारणे सगळीकडे सारखीच असतात. पुरवठादार बदलला की आधीच्या कंपनीचे कॅथेटर आणि सलाइनचे सेट कपाटातच राहतात. वॉर्डाचे नूतनीकरण झाले की चालू स्थितीतील पलंग गोदामात जातात. साथीच्या काळात मागवलेले मास्क आणि गाउन साथ ओसरल्यावर कोणी मागत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांना, परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना हे नेहमी दिसते, आणि तिथून विमानाने काही तासांवर असलेल्या फिजी, व्हानुआतू, सॉलोमन बेटे, किरिबाती आणि तुवालू या देशांतील लहान दवाखान्यांत याच वस्तूंची चणचण असते, हेही त्यांना ठाऊक असते. हे शिल्लक साहित्य तिकडे पोचवावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते शक्यही आहे. मात्र या कामाचा बहुतेक भाग पहिले खोके भरण्याआधीच पार पाडावा लागतो, आणि तो टाळला तर दान घेणाऱ्यालाच त्याचा भुर्दंड बसतो.

यादी बेटावरून यावी

मार्च २०१५ मध्ये पॅम चक्रीवादळाने व्हानुआतूची दाणादाण उडवली, तेव्हा कोणीही न मागितलेल्या मदतीचे सत्तरहून अधिक कंटेनर पोर्ट व्हिलाच्या बंदरात येऊन पडले. त्यांत उष्ण कटिबंधातील देशाला निरुपयोगी जाड ब्लँकेटे होती आणि उंच टाचांचे बूटही होते. अनेक कंटेनर महिनोन्‌महिने सोडवले गेले नाहीत आणि त्यांचे बंदरातील भाडे वाढतच राहिले. औषधांच्या बाबतीत याहून मोठे उदाहरण इंडोनेशियातील आचे प्रांताचे आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे वीस लाखांहून कमी लोकसंख्येसाठी सुमारे ४,००० टन औषधे आली. त्यांपैकी बरीच औषधे देशाच्या अत्यावश्यक यादीत नव्हती आणि बऱ्याच पाकिटांवरील मजकूर स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता येत नव्हता. सुमारे ६०० टन औषधे नष्ट करावी लागतील आणि त्यासाठी २४ लाख युरो लागतील, असा अंदाज पाहणी करणाऱ्या फ्रेंच औषधनिर्मात्यांच्या (फार्मासिस्टांच्या) संघटनेने काढला होता.

लहान बेटांवर हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिथे आलेली वस्तू सहसा परत जात नाही. तुवालूची सारी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर आहे. किरिबातीची ३३ बेटे लाखो चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली असून त्यांतील बहुतेकांची उंची समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच आहे. प्रवाळाच्या अशा अरुंद पट्टीवर मुदत संपलेले सलाइन पुरायला जागा नसते, पुरलेले जमिनीखालच्या गोड्या पाण्याच्या पातळ थरापर्यंत पोचण्याची भीती असते, आणि वैद्यकीय कचरा योग्य तापमानाला जाळणारी भट्टी बाहेरच्या बेटांवर क्वचितच असते. म्हणून आपल्या रुग्णालयाच्या कचऱ्याचा खर्च वाचावा हा हेतू कणभरही असेल, तर साहित्य पाठवू नये. तो खर्च टळत नाही, कमी साधने असलेल्या माणसाच्या माथी जातो.

त्यामुळे पहिले पाऊल कपाट उघडणे हे नसून पत्र लिहिणे हे आहे. पत्र कोणाला लिहावे, याचे उत्तर देशाप्रमाणे थोडे बदलते, तरी रचना साधारण सारखी आहे. प्रत्येक देशाच्या आरोग्य मंत्रालयाचे एक मध्यवर्ती औषध भांडार असते आणि देशभरातील दवाखान्यांना साहित्य तिथूनच जाते. फिजीत हे काम सुवा येथील औषध व बायोमेडिकल सेवा विभाग पाहतो, सॉलोमन बेटांवर होनिआरा येथील राष्ट्रीय वैद्यकीय भांडार आणि व्हानुआतूमध्ये पोर्ट व्हिला येथील मध्यवर्ती भांडार. तिथल्या मुख्य औषधनिर्मात्याला देशात काय कमी आहे, काय पुढच्या जहाजाने येणार आहे आणि काय आधीच जास्त झाले आहे, हे एकाच वेळी माहीत असते. एखाद्या बेटावरील ओळखीच्या डॉक्टरने किंवा चर्चच्या पाद्रींनी मागणी कळवली असेल तर ती मोलाची आहे. तरीही तीच मागणी भांडाराकडून लेखी मंजूर करून घ्यावी. अन्यथा एका दवाखान्यात हातमोजे थप्पीने पडून राहतात आणि शेजारच्या बेटावर एकही जोडी नसते.

पत्रात आपल्याकडे काय आहे याची यादी देण्याचा मोह आवरावा. समोर यादी ठेवली की संकोचापोटी माणूस सगळ्यालाच होकार देतो, आणि दात्याला नकार देणे पॅसिफिकमधील सौजन्याच्या रीतीत विशेष अवघड जाते. त्याऐवजी आधी विचारावे: कोणत्या दवाखान्यांसाठी साहित्य हवे आहे, तिथे डॉक्टर आहेत की फक्त परिचारिका, वीज किती तास असते, निर्जंतुकीकरणाचे यंत्र चालू आहे का, साठवणुकीला कोरडी, कुलूपबंद जागा आहे का, आणि गेल्या वर्षभरात कोणत्या पाच वस्तू वारंवार संपल्या. व्हानुआतूमध्ये पोर्ट व्हिला आणि लुगनव्हिल येथील मोठ्या रुग्णालयांखाली प्रांतिक रुग्णालये, मग आरोग्य केंद्रे, मग एखादीच परिचारिका असलेले डिस्पेन्सरी दवाखाने आणि शेवटी गावातील प्रथमोपचार केंद्रे अशी उतरंड आहे. शल्यक्रियागृहातील साहित्य सर्वांत खालच्या पायरीवर पाठवले तर ते तिथे फक्त जागा अडवते. उत्तर आले की मगच आपली यादी त्या उत्तराशी ताडून पाहावी आणि जेवढे जुळते तेवढेच सांगावे.

उत्तर यायला वेळ लागतो. एकाच औषधनिर्मात्याकडे संपूर्ण देशाचा कारभार असतो आणि चक्रीवादळांच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, त्याला श्वास घ्यायला सवड नसते. मे महिन्यात पत्रव्यवहार सुरू करून तिथल्या हिवाळ्याच्या, म्हणजे जून ते ऑगस्टच्या, महिन्यांत माल रवाना करणे सर्वांना सोयीचे पडते. वादळ येऊन गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर खासगी दात्यांनी साहित्य पाठवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत धक्के, विमानपट्ट्या आणि गोदामे पाणी, ताडपत्र्या आणि सरकारी औषधसाठा यांच्यासाठी मोकळी राहिली पाहिजेत. मदत करायचीच असेल तर तेव्हा पैसे पाठवावेत.

आपल्या रुग्णालयाची परवानगी

कपाटातील वस्तू टाकून दिल्या जाणार आहेत म्हणून त्या कोणीही उचलून न्याव्यात असे होत नाही. त्यांची मालकी रुग्णालयाची किंवा आरोग्य विभागाची असते. म्हणून खरेदी विभाग, मालमत्ता नोंदवहीचा प्रमुख आणि संसर्ग नियंत्रण विभाग या तिघांची लेखी संमती घ्यावी. उपकरण मालमत्तेच्या नोंदीतून कमी केल्याचा कागद जपून ठेवावा, कारण तो कस्टम्समध्ये मागितला जाऊ शकतो. मॉनिटर, सोनोग्राफीचे यंत्र किंवा ईसीजी यंत्र असेल तर त्याच्या स्मृतीत रुग्णांची नावे आणि तपासण्या साठलेल्या असतात. त्या पुसून टाकल्याची खात्री तंत्रज्ञाकडून लेखी घ्यावी. वापरलेले प्रत्येक उपकरण निर्जंतुक केल्याचे प्रमाणपत्र त्या उपकरणालाच चिकटवावे. फाइलमध्ये ठेवलेले प्रमाणपत्र बेटावर खोके उघडणाऱ्या परिचारिकेपर्यंत पोचत नाही.

काय पाठवावे, काय पाठवू नये

औषधांच्या दानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या साथीने १९९६ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पुढे त्यांत सुधारणा केल्या. त्यांचा गाभा चार गोष्टींचा आहे: दानाचा अधिकाधिक लाभ घेणाऱ्याला व्हावा, त्याची इच्छा आणि अधिकार यांचा मान राखला जावा, जे आपल्या देशात चालणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, आणि दोन्ही बाजूंचा संवाद अखंड राहावा. साहित्य निवडताना प्रश्न पडला की या चारांपैकी तिसरे तत्त्व आठवावे. स्वतःच्या वडिलांना जी नळी आपण घालू देणार नाही, ती दुसऱ्या कोणाच्या वडिलांसाठीही पाठवू नये.

औषधांबद्दल माझा सल्ला कडक आहे: व्यक्तींनी आणि लहान मंडळांनी ती पाठवू नयेत. रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या, अर्धवट वापरलेल्या बाटल्या आणि कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले मोफत नमुने तत्त्वांनुसारच वर्ज्य आहेत. मॉर्फिन किंवा डायझेपामसारख्या नियंत्रित औषधांना दोन्ही देशांचे परवाने लागतात. इन्सुलिन आणि लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात आणि ती साखळी कुठे तुटली हे बाटलीकडे पाहून कळत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये व्हानुआतूच्या एरोमांगो बेटावर डिलन्स बेहून डोंगरापलीकडच्या कुक्स बेला लस ड्रोनने नेण्यात आली, कारण तिथे पायवाटेने किंवा होडीने थंडावा टिकवत पोचणे फार कष्टाचे होते. ते काम सरकार आणि युनिसेफ यांच्या नियोजनाने झाले. औषधांची गरज असल्याचे भांडाराने कळवले तर त्यांच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून ती खरेदी करण्यासाठी पैसे द्यावेत. जेनेरिक औषधे स्वस्त असतात आणि त्याच पैशांत ती अधिक येतात.

खरा उपयोग होतो तो साध्या, न उघडलेल्या, एकदाच वापरायच्या वस्तूंचा. पॅसिफिकमधील बेटे मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांपैकी आहेत आणि पायाच्या न भरणाऱ्या जखमा व त्यांतून होणारे अवयवच्छेदन ही तिथली रोजची समस्या आहे. त्यामुळे जखमेची ड्रेसिंग, निर्जंतुक गॉझ, क्रेप बँडेज, चिमटे व कात्र्या असलेले ड्रेसिंग संच आणि न चिकटणारे जखमेचे पॅड यांना बहुतेक ठिकाणी मागणी असते. हातमोजे पाठवताना नायट्राइलचे निवडावेत. लेटेक्सचे मोजे उष्णतेत लवकर ठिसूळ होतात आणि काहींना त्यांची ॲलर्जीही असते. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रांचे वेगवेगळ्या आकारांचे पट्टे, विशेषतः मोठे, पाठवावेत, कारण मध्यम आकाराचा पट्टा जाड दंडावर चुकीचा आकडा दाखवतो. पाऱ्याची यंत्रे आणि पाऱ्याचे थर्मामीटर मात्र कितीही चांगल्या स्थितीत असले तरी पाठवू नयेत. मिनामाता करारान्वये २०२० नंतर त्यांची निर्मिती आणि आयात-निर्यात बंद करायची आहे, आणि बेटावर फुटलेल्या थर्मामीटरमधील पारा शेवटी माशांमध्ये जातो.

रक्तशर्करा मोजण्याच्या पट्ट्यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. त्या एकाच कंपनीच्या यंत्रात चालतात, त्यांची मुदत कमी असते आणि दमट हवेत डबी उघडी राहिली तर त्या बिघडतात. भांडार कोणते यंत्र वापरते हे कळल्याशिवाय एकही डबी घेऊ नये. आपल्याकडील यंत्रे आणि पट्ट्या दोन्ही पाठवून प्रश्न सुटतो असे वाटते, पण पट्ट्या संपल्या की यंत्रे कायमची निकामी होतात आणि दवाखान्यात तीन-चार कंपन्यांची यंत्रे कपाटात साचत जातात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघडले गेले पण वापरले गेले नाही, असे साहित्य गोळा करण्याची पद्धत येल विद्यापीठात १९९१ मध्ये सुरू झालेल्या रेमेडी या उपक्रमाने रूढ केली. मोठ्या रुग्णालयाला ते पुन्हा निर्जंतुक करून वापरता येते. ज्या बेटावर ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) चालू असण्याची खात्री नाही तिथे ते पाठवू नये. अशा बेटासाठी बाहेरचे वेष्टन शाबूत असलेलेच साहित्य घ्यावे. वेष्टनाची कडा सुटलेली, त्यावर ओलीचा डाग पडलेला किंवा छापील मजकूर पुसट झालेला असेल तर ती वस्तू बाजूला काढावी.

मुदतीचा हिशोब खोके भरण्याच्या दिवसापासून न करता ते बेटावर उघडले जाण्याच्या दिवसापासून करावा. माल देशात पोचेल तेव्हा किमान एक वर्ष मुदत उरलेली असावी, असे औषधांबाबतचे तत्त्व आहे आणि निर्जंतुक साहित्यालाही ते लावावे. ऑकलंड किंवा सिडनीहून निघालेला कंटेनर बंदरात उतरून कस्टम्समधून सुटून भांडारात पोचायला काही महिने लागू शकतात, आणि तिथून बाहेरच्या बेटाकडे जाणारे जहाज महिन्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा सुटते. म्हणून खोके बंद करताना अठरा महिन्यांहून कमी मुदत उरलेली वस्तू घेऊ नये, असे मी सुचवतो. यामुळे कपाटातील अर्ध्याहून अधिक माल गळतो आणि मन खट्टू होते, पण गळालेला माल दानात नसतो तेच बरे.

यंत्रे: विजेपासून सुरुवात

यंत्राची निवड करताना पहिला प्रश्न विजेचा. फिजी, व्हानुआतू, सॉलोमन बेटे, किरिबाती आणि तुवालू इथे ऑस्ट्रेलियाप्रमाणे २३० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ वीज आणि तिरप्या पट्ट्यांची प्लग वापरली जाते. त्यामुळे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील यंत्रे तिथे थेट चालतात. मार्शल बेटे, पलाउ आणि मायक्रोनेशिया इथे मात्र अमेरिकेची पद्धत, म्हणजे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ, आहे. अमेरिकेतील नातेवाइकांनी जमवलेली यंत्रे या दुसऱ्या गटाकडे जावीत. केवळ रूपांतरक जोडून भागते असे नाही, कारण मोटर असलेल्या यंत्रांना हर्ट्‌झमधील फरकही बाधतो.

दुसरा प्रश्न विजेच्या भरवशाचा. अनेक बाहेरच्या बेटांवर वीज सौर पटलांवर किंवा ठरावीक तास चालणाऱ्या डिझेल जनित्रावर असते. मिनिटाला पाच लिटर प्राणवायू देणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज सतत घेते, आणि दवाखान्याची सौरव्यवस्था दिवे व लशींच्या फ्रिजपुरतीच असेल तर ते रात्रभर चालणार नाही. त्याच्या आतील झिओलाइट (हवेतून प्राणवायू वेगळा करण्यासाठी वापरले जाणारे खनिज) ओलावा शोषून निकामी होते, आणि पॅसिफिकची खारट, दमट हवा ओलाव्याला कधीच कमी पडत नाही. कॉन्सन्ट्रेटर पाठवायचेच असेल तर बाहेर पडणाऱ्या प्राणवायूची शुद्धता मोजून घ्यावी, गाळण्या आणि नळ्या दोन वर्षे पुरतील एवढ्या सोबत द्याव्यात, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे उपकरण जोडून द्यावे.

सुट्या भागांचा हा नियम सर्वच यंत्रांना लागू आहे. दान केलेली यंत्रे बंद पडून राहण्याचे कारण बहुधा यंत्राचा दोष हे नसते. गाळणी, केबल, बॅटरी किंवा वापराची पुस्तिका मिळत नाही म्हणून ती पडून राहतात. आपल्याच देशात ज्या मॉडेलचे भाग मिळणे बंद झाले आहे ते यंत्र पाठवू नये. पाठवण्यापूर्वी आपल्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल इंजिनिअरने त्या देशातील इंजिनिअरशी एकदा थेट बोलावे. सुवा किंवा होनिआरा येथील इंजिनिअर स्पष्ट सांगतो की हे यंत्र मी दुरुस्त करू शकतो किंवा नाही, आणि त्याचे 'नाही' हाच अंतिम निर्णय मानावा.

पलंग आणि चाकाच्या खुर्च्या या नेहमी दिल्या जाणाऱ्या वस्तू आहेत. पलंग विजेचा नसावा, हाताने फिरवायचा असावा, आणि त्याची रुंदी तिथल्या दाराशी जुळते का हे विचारावे. चाकाची खुर्ची व्यक्तीच्या मापाने द्यावी लागते. चुकीच्या मापाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या, संवेदना नसलेल्या माणसाला होणारी दाबाची जखम जीवघेणी ठरू शकते. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या खुर्चीची लहान, कठीण चाके प्रवाळाच्या वाळूत रुततात. मापे घेणारी आणि खुर्ची बसवून देणारी व्यक्ती तिकडे नसेल तर खुर्च्या पाठवू नयेत.

खोके भरणे

बाहेरच्या बेटावर धक्का असेलच असे नाही. जहाज प्रवाळकड्याबाहेर थांबते, माल लहान होडीत उतरवला जातो आणि तिथून माणसे तो खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर आणतात. म्हणून प्रत्येक खोके एका माणसाला उचलता येईल इतके, म्हणजे २० किलोच्या आत असावे. आतला माल जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करावा, कारण खोक्यावर समुद्राचे पाणी उडते आणि पुठ्ठा भिजतो. एका खोक्यात एकाच प्रकारचा माल भरावा. मिसळून भरलेली खोकी पाठवणे म्हणजे तिथल्या एकुलत्या औषधनिर्मात्याला आठवडाभर वर्गीकरणाला बसवणे होय.

खोक्याच्या तीन बाजूंवर क्रमांक, आतल्या वस्तूचे इंग्रजी नाव, संख्या आणि सर्वांत जवळची मुदत ठळक लिहावी. व्हानुआतूमध्ये काही दवाखान्यांत फ्रेंच शिकलेल्या परिचारिका असतात, त्यामुळे तिथे फ्रेंच नावही द्यावे. लाकडी पॅलेट किंवा पेटी वापरत असाल तर तिच्यावर उष्णप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असणे आवश्यक आहे; फिजी आणि इतर बेटे कीटकांबाबत अतिशय दक्ष आहेत आणि ते योग्यच आहे. कंटेनर आतून-बाहेरून धुतलेला असावा. हातावर चोळायचे अल्कोहोलयुक्त जंतुनाशक ज्वालाग्राही मालात मोडते, लिथियम बॅटऱ्यांना वाहतुकीचे वेगळे नियम आहेत, आणि प्राणवायूचे भरलेले सिलिंडर तर साध्या मालात मुळीच जात नाहीत. यांपैकी एकही वस्तू नकळत राहिली तर संपूर्ण कंटेनर अडकतो.

कागद आणि पैसा

जहाज सुटण्यापूर्वी चार कागद हातात असले पाहिजेत: आरोग्य मंत्रालयाचे स्वीकृतिपत्र, तिथल्या अर्थ खात्याचे किंवा कस्टम्सचे शुल्कमाफीचे पत्र, खोक्यांच्या क्रमांकानुसार केलेली पॅकिंग लिस्ट, आणि 'दान, विक्रीसाठी नाही' असे नमूद केलेले किमतीचे बिल. किमतीच्या जागी शून्य लिहू नये, ते कस्टम्स मान्य करत नाही. आणि नव्या वस्तूची छापील किंमत लिहून दान फुगवूनही दाखवू नये. त्या वस्तूला आज बाजारात जी घाऊक किंमत येईल ती लिहावी. माल घेणारा म्हणून व्यक्तीचे नाव न घालता मंत्रालयाचे किंवा भांडाराचे नाव घालावे. जहाज कंपनीकडून बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढवल्याच्या पावतीची) मूळ प्रत कुरिअरने पाठवण्याऐवजी मूळ प्रतीशिवाय माल सोडण्याची सोय मागून घ्यावी, कारण कागद मागे आणि कंटेनर पुढे अशी स्थिती झाली की बंदराचे भाडे सुरू होते.

वाहतूक, बंदरातील शुल्क, क्लिअरिंग एजंट, गोदाम आणि देशांतर्गत होडीचे भाडे हा सर्व खर्च, दुसरे काही ठरलेले नसेल तर, दात्याने उचलावा असे जागतिक तत्त्वांतच नमूद आहे. आपल्या मंडळाने निधी जमवताना हा शेवटचा टप्पा नेहमी विसरला जातो. तुवालूची राजधानी फुनाफुतीपर्यंतचे पैसे जमतात, पण तुवालूत विमानतळ फक्त तिथेच असल्याने पुढच्या बेटांपर्यंतचा प्रवास सरकारी जहाजानेच होतो आणि त्याची तरतूद कोणी केलेली नसते. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर माल मावतो. आपला माल त्याच्या निम्माही होत नसेल तर स्वतंत्र कंटेनर घेऊ नये. ऑस्ट्रेलियातील रोटरीचा वस्तुदान विभाग वर्षानुवर्षे असे कंटेनर पाठवत आला आहे. आपल्या मराठी मंडळाने वेगळा संसार मांडण्यापेक्षा अशा अनुभवी संस्थेच्या कंटेनरमध्ये जागा घेणे शहाणपणाचे आहे.

सुटीला फिजीला जाताना बॅगेतून थोडे साहित्य न्यावे असेही अनेकांना वाटते. स्वीकृतिपत्र असेल, वस्तू कस्टम्सच्या अर्जावर नोंदवल्या असतील आणि त्या सुवाच्या भांडारातच द्यायच्या असतील तर त्याला हरकत नाही. वाटेतल्या गावात थांबून सिरिंज वाटणे मात्र कोणीही करू नये.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी

भारतातून पॅसिफिकला शिल्लक माल पाठवणे बहुधा परवडत नाही, पण आपल्या किनाऱ्यापलीकडेही बेटे आहेत. लक्षद्वीपमधील ३६ पैकी १० बेटांवर वस्ती असून माल प्रामुख्याने कोची, बेपूर आणि मंगळुरूहून जातो, आणि पावसाळ्यात ही वाहतूक विस्कळीत होते. तिथे पत्र कवरत्ती येथील प्रशासनाच्या आरोग्य सेवा संचालनालयाला लिहावे. बेटांवर जाण्यासाठीही परवाना लागतो, त्यामुळे स्वतः घेऊन जाण्याचा मार्ग मोकळा नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय औषधांचे वितरण करता येत नाही, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणेही या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. म्हणून नर्सिंग होमने थेट न देता परवानाधारक वितरक किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावे. बाकी मुदत, विजेचा प्रकार, खोक्याचे वजन या सगळ्या गोष्टी वर सांगितल्याप्रमाणेच.

माल पोचल्यानंतर

भांडाराकडून पोच मागावी आणि तीन महिन्यांनी तीन प्रश्न विचारावेत: कोणती खोकी कोणत्या दवाखान्यात गेली, काय वापरले गेले, काय पडून आहे. प्रश्न छोटे ठेवावेत. छायाचित्रे, आभारपत्रे आणि समारंभ मागू नयेत, कारण त्यासाठी परिचारिकेचा रुग्णांसाठीचा वेळ जातो. जे पडून आहे त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून काढावे. एकाच भांडाराशी सलग काही वर्षे काम केले की मागणी अधिक नेमकी होत जाते, आणि 'हे नको' हे वाक्यही मोकळेपणाने येऊ लागते.

बेटांनी नाकारलेले आणि मुदतीच्या हिशोबात गळालेले साहित्य आपल्याकडेच राहील. त्यातील सिरिंज, कॅथेटर, टाके घालण्याचा धागा आणि ड्रेसिंग जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या सराव प्रयोगशाळेला उपयोगी पडतात. देताना प्रत्येक पाकिटावर 'केवळ प्रशिक्षणासाठी' असा न पुसला जाणारा शिक्का मारावा, म्हणजे ते चुकूनही वॉर्डात जाणार नाही. उरलेले रुग्णालयाच्या नेहमीच्या वैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थेकडे सोपवावे.